व्याख्येतला ‘आणि’ कंपनीने वाचलाच नाही



माझ्या थोरल्या भावाच्या जठरात सात सेंटिमीटरची गाठ निघाली. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. बायोप्सीत निदान आले ‘जिस्ट’, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. हा दुर्मीळ कर्करोग. दादाने गंभीर आजाराची पॉलिसी काढून सहा वर्षे हप्ते भरले होते. तरी कंपनीने क्लेम फेटाळला. कारणे दोन: अहवालात ‘कार्सिनोमा’ शब्द नाही आणि जिस्ट पॉलिसीतून वगळलेला आहे.

दोन्ही कारणे चुकीची आहेत. कर्करोगाची प्रमाण व्याख्या विमा नियामकाने, म्हणजे ‘इर्डाई’ने, ठरवून दिली आहे. तीच दादाच्या पॉलिसीत छापलेली आहे आणि तीत सार्कोमा नावानिशी आहे. जिस्ट हा सार्कोमाच, म्हणजे कार्सिनोमाहून वेगळ्या प्रकारचा कर्करोग. मग अहवालात कार्सिनोमा कुठून सापडणार?

याच व्याख्येतले वगळणुकीचे कलम मी दहा वेळा वाचले. सगळे जिस्ट त्यात वगळलेले नाहीत. गाठ टी-१ किंवा त्याखालच्या टप्प्याची असावी ‘आणि’ सूक्ष्मदर्शकाच्या ५० क्षेत्रांत विभाजन पावणाऱ्या पेशी पाचपेक्षा जास्त नसाव्यात, तरच ती वगळता येते. टी-१ म्हणजे दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ. दादाची सात सेंटिमीटरची, म्हणजे टी-३. पेशींचा आकडा आठ. एकही अट लागू होत नाही. लहानशी, संथ गाठ वगळण्यामागचे कारण मला पटते. पण वगळणूक लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि कलम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावायचा, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. इथे तर संदिग्ध काहीच नाही.

दवाखान्याचा खर्च सरकारी योजनेतून निघाला, मग विम्याची रक्कम कशाला, असे लोक म्हणतात. निघाला. पण इमॅटिनिबची गोळी डॉक्टरांनी तीन वर्षे रोज घ्यायला सांगितली आहे, आणि यंदा दादा वावरात पायही ठेवू शकलेला नाही. एकरकमी मिळणारी ही रक्कम त्यासाठीच असते.

क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या क्लेम आढावा समितीची मंजुरी हवी आणि नकार नेमक्या कलमासह कळवावा, असे इर्डाईचे २०२४ चे परिपत्रक सांगते. आम्हाला आलेल्या इंग्रजी नकारपत्रात समितीचे नाव नाही, कलमाचा क्रमांकही नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात दाद मिळाली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हे आम्हाला यवतमाळच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळले. हे ठाऊक नसल्याने बाभुळगावात अशी नकारपत्रे किती घरांच्या कपाटात पडून असतील!

म्हणून इर्डाईकडे माझी मागणी आहे: कर्करोगाचा क्लेम नाकारणारे पत्र मराठीत असावे, त्यात पूर्ण कलम आणि अहवालातली संबंधित ओळ शेजारी-शेजारी छापावी, आणि खाली कर्करोगतज्ज्ञाची नावासह सही असावी. दादाची तक्रार पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे गेली आहे. तक्रारीसोबत बायोप्सीचा अहवाल जोडला आहे.

— एक वाचक, बाभुळगाव, जि. यवतमाळ