माता-बालकांचा पैसा : ठेका मुंबईत, कुलूप गावात

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून कोयते निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी साताऱ्याला, कुणी सोलापूर-अहिल्यानगरला, तर कुणी थेट कर्नाटकात बेळगावकडे. पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बीडच्या वाचकाला सांगायला नको. त्या जोडीतल्या बाईला सहावा महिना असो की कडेवर वर्षाचं लेकरू असो, मुकादमाची उचल फेडायचीच असते.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. याच बाईच्या आणि याच लेकराच्या नावाने सरकारचा पैसा वर्षभर वाहत असतो. पोषण आहाराचा पैसा, बाळंतपणाच्या गाडीचा पैसा, नर्सबाईच्या मानधनाचा पैसा. यातला बराचसा पैसा आज ठेक्याने, कराराने खर्च होतो. करार कुणाशी झाला, किती कोटींचा झाला, यावर विधानसभेत गोंधळ होतो, कोर्टात खटले चालतात. पण ज्या बाईसाठी हा सारा खटाटोप, तिच्या पदरात काय पडलं, हे करारात कुठे मोजलं जातं? आजचा प्रश्न एवढाच आहे.

एका गावाचा हिशेब

आधी आकडे समजून घेऊ. अंगणवाडीतून गरोदर माता, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांची बालकं यांना घरी नेण्याचा आहार मिळतो. केंद्र सरकारने २०१७ साली याचे दर वाढवले. बालकामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर व स्तनदा मातेमागे साडेनऊ रुपये, तीव्र कुपोषित बालकामागे १२ रुपये. हा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. वर्षाचे ३०० दिवस आहार द्यायचा असतो.

साडेनऊ रुपये ऐकले की हसू येतं. पण बेरीज करून पाहा. समजा, एका गावात अशा २० माता आणि तीन वर्षांखालची ४० लेकरं आहेत. मातांचे वर्षाचे ५७ हजार, लेकरांचे ९६ हजार, मिळून १ लाख ५३ हजार रुपये. गावातली निम्मी घरं सहा महिने कुलूपबंद असतील, तर त्यातल्या अडतीस हजारांच्या आहाराचं काय होतं? तो आलाच नाही, का आला आणि पडून राहिला, का दुसऱ्याच्या दारात गेला? एका गावाचं सोडा, अकरा तालुक्यांचा गुणाकार वाचकांनी घरी करावा.

आहाराच्या ठेक्याची कथा

ही कथा जुनी आहे आणि मोठी शिकवण देणारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत. हे काम गावातले लोक, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडे द्यावं. आदेश स्पष्ट होता. पण आदेशातल्या शब्दांना पळवाट सापडायला वेळ लागत नाही. महिला मंडळ हवं ना? मग पाटी महिला मंडळाची लावा, कारखाना आहे त्याचाच राहू द्या. महाराष्ट्रात पुढे हा आहार पुरवण्याचं काम मोजक्या महिला संस्थांकडे गेलं. त्यांच्यामागे खासगी कंपन्या उभ्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अन्नहक्क आयुक्तांनी २०१२ साली लेखी कळवलं.

नंतर मार्च २०१६ मध्ये राज्याने नव्या निविदा काढल्या. अटी अशा की गावचा, तालुक्याचा बचत गट दारातच अडावा. रक्कम वर्तमानपत्रांनी ६,३०० कोटींच्या घरात सांगितली. बचत गट कोर्टात गेले आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सारी प्रक्रिया रद्द करून नव्याने निविदा काढायला सांगितलं. पुढे २०२० साली कोविड आला. तयार पाकिटांच्या जागी गहू, डाळ, चणे, तिखट, हळद, मीठ असा कच्चा शिधा वाटला गेला.

पंधरा वर्षं भांडण चाललं ते ठेका कुणाला, यावर. आहार खाण्याजोगा आहे का, शिरा-उपमा-सुकडीची पाकिटं घरी शिजतात का म्हशीच्या घमेल्यात जातात, हा सवाल मागेच राहिला. बिलं पावतीवर निघाली. पावतीवर सही कुणाची? अंगणवाडी सेविकेची. टेम्पो उभा आहे, पोती उतरली आहेत, वरून साहेबांचा फोन आला आहे. मानधनावर काम करणारी ताई सही नाकारील कशी? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तिला लावू नका. तिला दिसतं सगळं, पण बोलायचा अधिकार कराराने तिला दिलेलाच नाही.

गाडी आली नाही, त्याची नोंद कुठे?

आता दवाखान्याकडे वळू. जून २०११ मध्ये केंद्राने जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त फुकट. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझर झालं तर सात दिवस जेवण फुकट. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि मग परत घरी, अशी तिन्ही वेळची गाडीही फुकट. हा बाईचा हक्क आहे, डॉक्टरसाहेबांची मेहेरबानी नव्हे. तरीही परतीची गाडी मिळते हे अजून कितीतरी घरांना माहीत नाही.

राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. ९३७ गाड्या आणि त्या चालवण्याचा करार एका खासगी कंपनीशी. या गाडीला फोन केला तर निदान फोनची नोंद होते. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीचं काय? तिचा चालक अनेक ठिकाणी ठेकेदाराचा माणूस. रात्री दोन वाजता फोन लागला नाही, चालक गावाला गेला होता, डिझेल नव्हतं. शेवटी घरच्यांनी शेजाऱ्याची जीप केली आणि अंबाजोगाई गाठलं. कागदावर काय दिसतं? दवाखान्यात बाळंतपण झालं, सुखरूप झालं. आलेल्या गाडीचं बिल असतं, न आलेल्या गाडीची नोंद कुठल्याच वहीत नसते. आणि ज्याची नोंद नाही त्याचा दंड ठेकेदाराला कोण लावणार?

माणसांचंही तेच. राष्ट्रीय आरोग्य अभियान २००५ साली आलं, त्यातल्या कितीतरी नर्सबाया, तंत्रज्ञ, औषध निर्माते अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षं राबत आहेत. दहा वर्षं सेवा झालेल्यांना कायम करण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला. त्याची अंमलबजावणी करा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर संप करावा लागला. तपासणीच्या टेबलापाशी खुर्ची रिकामी राहिली की तोटा सोसायचा तो गरोदर बाईने.

सहा महिन्यांचं भगदाड

हे सारे दोष महाराष्ट्रात सगळीकडे आहेत. बीडचं दुखणं त्याच्यावर आणखी एक. इथल्या लाभार्थी बाया वर्षातले पाच-सहा महिने लाभाच्या जागीच नसतात. त्या उसाच्या फडात, पालाच्या खोपीत असतात. पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. तिथल्या अंगणवाडीच्या पटावर त्यांचं नाव नाही आणि इथल्या पटावर नाव असून माणूस नाही.

याचा शेवट कुठे होतो, ते आपण २०१९ साली पाहिलं. 'पिशवी काढलेल्या' बायांचा प्रश्न देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली तिच्यात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. त्यानंतर खासगी दवाखान्यांतल्या या शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. ते बरंच झालं. पण अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, लागोपाठची बाळंतपणं, यावर वेळेवर साधा उपचार मिळाला असता तर किती जणींवर ही वेळच आली नसती? तो उपचार देण्यासाठीच पैसा मंजूर होता. तो गावात खर्च होत होता आणि बाई फडात होती.

रोख रकमेचं एक बरं असतं, ती खात्यात जाते आणि बाईबरोबर फिरते. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये खात्यावर येतात. पण पाकीट, गाडी आणि नर्सबाई फिरत नाहीत, कारण करारच गावाच्या पटाशी बांधलेला आहे. सरकारला हे कळत नाही असं नाही. महिला व बालविकास विभागाने स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था २०२२ साली राज्यभर आणली. जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना मोबाइलवर बाईचा चेहरा ओळखायची सक्ती झाली. पण चेहरा ओळखायला बाई समोर तर हवी! यंत्राने एवढंच सिद्ध होईल की ती इथे नाही. ती जिथे आहे तिथे आहार पोहोचवणं हे यंत्राचं काम नाही, ते कराराचं काम आहे.

करारात काय असावं?

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, बचत गटाकडे प्रयोगशाळा नाही, भांडवल नाही. आहारात माती निघाली तर जबाबदार कोण? यात तथ्य आहे. आणि बचत गट म्हणजे सगळा गंगाजल असंही नाही. पुढाऱ्याच्या घरातलाच गट ठेका घेऊन बसला तर गावाला काय फरक पडला? म्हणून ठेका लहान का मोठा या वादापेक्षा चार अटी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, बिलासाठी एकट्या सेविकेची सही पुरे धरू नये. गावच्या पाच लाभार्थी मातांनी पाकीट उघडून, शिजवून पाहिल्याचा पंचनामा बिलाला जोडावा. दुसरी, न आलेल्या गाडीची वही आशाताईकडे असावी आणि त्या नोंदीवरून ठेकेदाराची रक्कम कापावी. तिसरी, कुणाला किती दंड झाला हे पंचायत समितीच्या फलकावर दर तीन महिन्यांनी लागावं. आणि चौथी, बीडपुरती सर्वांत मोठी : हंगामाचं कलम. जितक्या माता-बालकं फडावर गेली तितका आहार आणि तितक्या तपासण्यांचा पैसा त्या कारखान्याच्या परिसरातल्या अंगणवाडीकडे आणि आरोग्य केंद्राकडे वर्ग व्हावा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचं ठरलेलं आहे. फडावर महिन्यातून एकदा फिरता दवाखाना नेण्याचा करार त्या पैशातून का होऊ नये?

गावाच्या हातात काय आहे?

वाचकहो, हे सगळं मुंबईत ठरतं, आपण काय करणार, असं म्हणून पान उलटू नका. आपल्या गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. अभियानाच्या नियमाने तिला वर्षाला १० हजारांपर्यंत निधी मिळू शकतो. तिच्यावर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामपंचायतीत विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, तिचाही हिशेब मागता येतो. पुरवठ्याच्या कराराची प्रत, दर आणि बिलं माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतात. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. लोकाधारित देखरेखीचं काम राज्यात २००७ साली पाच जिल्ह्यांत सुरू झालं आणि पुढे ते बीडमध्येही आलं. जनसुनवाईत बाया उभ्या राहून बोलल्या की साहेब लोक वह्या उघडतात, हा अनुभव महाराष्ट्राला आहे.

तारखाही आपल्या सोयीच्या आहेत. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा कोयते निघण्याच्या सुमारास असते आणि एक मेची ग्रामसभा ते परतल्यावर. दोन ऑक्टोबरला गावातल्या किती गरोदर बाया आणि किती लहान लेकरं कोणत्या कारखान्याला चालली, याची यादी ग्रामसभेत वाचून ठरावाने तालुक्याला पाठवा. एक मेला विचारा की या यादीतल्या प्रत्येकीच्या नावावर सहा महिन्यांत काय आलं, कुठे आलं आणि कुणी घेतलं. खर्चाला लागतो एक कागद आणि सरपंचाची सही. उत्तर आलं नाही तर तोच कागद घेऊन गटविकास अधिकाऱ्याच्या दारात जा. ठेकेदार कोणताही असो, दर सहा महिन्यांनी गाव नावानिशी हिशेब मागतं हे एकदा कळलं की बिलं जपून निघतात.