विश्लेषण : विमा असूनही थेरपीचे पैसे खिशातूनच का?

मोठ्या शहरांत खासगी समुपदेशनाच्या एका सत्रासाठी हजार-दीड हजार रुपये मोजावे लागणे आता नवे राहिलेले नाही. समजा, सत्राचे शुल्क दीड हजार आहे आणि आठवड्याला एक सत्र आहे, तर तीन महिन्यांतल्या १२ सत्रांचे १८ हजार रुपये होतात. घरात पाच लाखांचा आरोग्य विमा असला तरी बहुतेकांना हा खर्च स्वतःच करावा लागतो. असे का?

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २१ नुसार, शारीरिक आजारांसाठी ज्या आधारावर विमा दिला जातो, त्याच आधारावर तो मानसिक आजारांसाठीही द्यावा लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक ‘इर्डाई’ने कंपन्यांना या तरतुदीचे पालन करण्यास सांगितले. तरीही दावे नाकारले जात होते. असेच एक प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये निकाल विमेदाराच्या बाजूने लागला.

मग घोडे अडते कुठे?

आपल्याकडचा नेहमीचा आरोग्य विमा रुग्णालयातील खाटेशी बांधलेला आहे. रुग्ण दाखल झाला, तर खर्च मिळतो. थेरपी मात्र खुर्चीत बसून, पाऊण-एक तासाच्या संवादातून होते. विम्याच्या हिशेबात ती ‘ओपीडी’ ठरते आणि ओपीडीचे संरक्षण वेगळे घेतले नसेल, तर पैसे मिळत नाहीत.

कंपन्यांचा युक्तिवाद सरळ आहे. मधुमेहाच्या रुग्णाचा ओपीडी खर्चही आम्ही देत नाही, मग यात भेदभाव कसला? कागदावर हे बरोबर दिसते. पण अपेंडिक्स किंवा बायपासचा मोठा खर्च रुग्णालयातच होतो. नैराश्य आणि चिंताविकाराच्या बहुतेक रुग्णांना दाखल व्हावेच लागत नाही. त्यांचा मुख्य उपचारच ओपीडीत होतो. नियम सारखा असला, तरी फटका सारखा बसत नाही. आजार विकोपाला गेल्यावर विमा मदतीला येतो, वेळीच उपचार घेणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही. हा उफराटा न्याय आहे.

संरक्षण असूनही दावा का टाळला जातो?

काही कार्यालयांच्या गटविम्यात समुपदेशनाचा समावेश असतो. तरीही ‘साहेबांना कळले तर?’ या भीतीने अनेक जण रोखीने पैसे देणे पसंत करतात. याच कायद्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, पण भीती कलमाने जात नाही. मात्र एक लक्षात ठेवावे. खिशातून पैसे दिले म्हणजे उपचार झालेच नाहीत, असे होत नाही. नवी पॉलिसी घेताना प्रस्ताव अर्जात आधीच्या उपचारांविषयी विचारले असेल, तर खरी माहिती द्यावी. ती लपवली, तर पुढे दावा अडकू शकतो. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिनेच ठेवता येतो.

खिशातूनच द्यायचे, तर काय पाहावे?

पहिल्याच भेटीत शुल्क, सत्राची वेळ, अंदाजे किती सत्रे लागतील आणि ऐनवेळी सत्र रद्द केल्यास पैसे द्यावे लागतील का, हे विचारावे. अनेक तज्ज्ञ विद्यार्थी आणि कमी उत्पन्न असलेल्यांना सवलत देतात. ती मागण्यात संकोच नसावा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे तपासावे. औषधे डॉक्टरच देऊ शकतात. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीवर विसंबू नये. प्रत्येक पावती जपून ठेवावी.

तेवढेही परवडत नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मात्र तिथे गर्दी मोठी असते आणि प्रत्येक रुग्णाला निवांत तासभर मिळणे अवघड असते. म्हणूनच लोक खासगीकडे वळतात.

काय व्हायला हवे?

नोंदणीकृत तज्ज्ञाकडील वर्षाकाठी ठरावीक सत्रांचा खर्च मूळ पॉलिसीतच देणे ‘इर्डाई’ने बंधनकारक करावे. हप्ता थोडा वाढेल, हे खरे. पण आज पैशांअभावी चौथ्या-पाचव्या सत्रानंतर थेरपी सोडणारा माणूस बरा होऊन थांबलेला नसतो, त्याचा खिसा रिकामा झालेला असतो. पुढे तोच रुग्णालयात दाखल झाला, तर विमा कंपनीला कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतील. कायद्यातली समानता खाटेपुरती न राहता खुर्चीपर्यंत पोहोचणे कंपन्यांच्याही फायद्याचे आहे.