मागे कोण आहे, हे पाहिल्याशिवाय गाडी मागे नको

धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 वरचे चौसाळा. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातली ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. फडात अंधारातच ट्रक मागे घेतला जातो. मागे बाया मोळ्या वाहत असतात, पाचटावर लेकरू झोपलेले असते. आरशात गाडीच्या बाजू दिसतात, गाडीमागचे लेकरू दिसत नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तर मागे घेताना हमखास वाकडा जातो.

उपाय साधा आहे. चालकाने आधी उतरून गाडीभोवती फेरी मारावी. इशारा एकाच माणसाने, आरशात दिसेल असे उभे राहून द्यावा. तो दिसेनासा झाला की ब्रेक. पण क्लीनरची मजुरी वाचवली जाते आणि अपघाताचे खापर चालकावर फुटते. मुकादम, गाडीमालक, कारखाना नामानिराळे!

1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामगारांच्या हक्कांना कायद्याचा आधार दिला. तोच आग्रह आता फडापर्यंत न्यावा लागेल. प्रत्येक गाडीसोबत इशारा देणारा माणूस, मागचा दिवा आणि भोंगा हे करारातच लिहून घ्या. उचल घेण्याआधी ही मागणी वस्तीवस्तीत पोहोचवणे, हे आपल्या तरुणांचे काम आहे, असे आम्हाला वाटते.