तांब्यांच्या गीताचा न्याय

लक्ष्मी तालाच्या काठी, गंगाधररावांच्या छत्रीजवळ, परवा आम्हां मराठी नोकरदारांत वाद पेटला: भा. रा. तांब्यांचे झाशीवालीवरील गीत काळाला पुरून उरले आहे काय? एका पक्षाचे म्हणणे असे की, सुभद्राकुमारी चौहानांची 'झाँसी की रानी' इथे पोराटोरांच्या तोंडी आहे, सबब तीच थोर. हा न्याय आम्हांस मुळीच मान्य नाही. पाठांतर हीच काव्याची कसोटी असेल, तर पाढ्यांना महाकाव्य म्हणावे लागेल! सुभद्राबाईंचे गीत थोर आहे खरेच. पण ते हरबोल्यांच्या कथनाची धाव त्यात उतरली म्हणून. तांबे धावत नाहीत. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरीस राणी जिथे पडली, तिथे ते देशबांधवाला थांबवतात. तेही पुढे त्याच ग्वाल्हेरचे राजकवी झाले. आमच्या मुलांना हिंदी गीत शाळेने दिले. मराठी गीत देणे आमच्या घरांचे काम होते. ते झाले नाही, याचे खापर कवीच्या माथी फोडणे हा निव्वळ कांगावा होय. तांब्यांच्या कैवाऱ्यांना (त्यांत आम्ही आलोच) दुसरे कडवे विचारले, तेव्हा तेही तळ्याकडे पाहू लागले. येत्या रविवारी ज्यांना वाद घालावयाचा असेल, त्यांनी दोन्ही गीते संपूर्ण पाठ करून यावे. इतरांनी शेंगा खाव्यात.