पगार दाखवून जमीन विसरायला लावणारे

अमेरिकेत एक युक्तिवाद कित्येक वर्षं फिरतोय. नायजेरिया, घाना, केनिया, इथिओपियातून माणसं दोन बॅगा घेऊन उतरतात. रंग काळा, उच्चार परका, ओळखीचं कुणी नाही. तरी एका पिढीत त्यांची पोरं डॉक्टर, इंजिनिअर होतात. आणि तिकडं हवाई बेटांवरचे मूळ लोक बघा, म्हणे. पिढ्यान् पिढ्या स्वतःच्याच भूमीत आहेत, सरकार त्यांच्यासाठी योजना काढतं, तरी मागंच. मग निष्कर्ष तयारच असतो: दोष व्यवस्थेचा नाही, वृत्तीचा.

हे फक्त टपरीवरचं बोलणं नाही. २०१४ मध्ये येल विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या एमी चुआ आणि जेड रुबेनफेल्ड या दांपत्यानं 'द ट्रिपल पॅकेज' नावाचं पुस्तक काढलं. अमेरिकेत यशस्वी ठरलेल्या आठ गटांची यादी त्यांनी दिली. त्यात भारतीय आहेत, चिनी आहेत आणि नायजेरियनही आहेत. यशाचं कारण काय, तर त्या गटांची मानसिकता: आपण श्रेष्ठ ही भावना, मनातली असुरक्षितता आणि स्वतःवरचा ताबा. ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांच्याबद्दल काय समजायचं, ते वाचणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. आफ्रिकन स्थलांतरित आणि मूळ हवाईयन यांची अशी तुलना करणं ही लबाडी आहे. ती दोघांवरही अन्याय करते, आणि ज्यानं खरंच काही हिसकावून घेतलं तो अलगद सुटतो.

आधी एक खुलासा. इथं हवाईयन म्हणजे हवाईत राहणारा कुणीही नव्हे. तिथले मूळ लोक, जे स्वतःला कानाका माओली म्हणतात, ते.

आलेला माणूस गाळून आलेला असतो

आफ्रिकेतून अमेरिकेला कुणीही उठून जात नाही. मध्ये अटलांटिक महासागर आहे, विमानाचं तिकीट आहे आणि दूतावासाची खिडकी आहे. १९६५ च्या कायद्यानं देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि आफ्रिकेसाठी दार थोडं उघडलं. पण त्या दाराला चाळण होती. विद्यार्थी म्हणून या, कुशल कामगार म्हणून या, नाहीतर आधीच गेलेल्या नातेवाइकाच्या आधारानं या. १९९० च्या कायद्यानं व्हिसाची लॉटरी आणली. तिच्यातही निदान बारावीइतकं शिक्षण किंवा कुशल कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे लॉटरीसुद्धा गाळूनच.

परिणाम काय झाला? २०१९ च्या आकड्यांनुसार सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या प्रौढ स्थलांतरितांत पदवीधर ४० टक्क्यांहून जास्त होते. अमेरिकेत जन्मलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास. नायजेरियनांत तर निम्म्याहून बरेच जास्त पदवीधर. खुद्द नायजेरियात मात्र पदवीधर शंभरात मूठभर. अमेरिकेत दिसतो तो अख्खा नायजेरिया नाही, त्या वर्गातली पहिली दोन बाकं आहेत.

आणि त्यांच्यासमोर उभं कुणाला करायचं? अख्ख्या हवाईयन समाजाला. म्हातारे, आजारी, हुशार, मठ्ठ, शिकलेले, शाळा सोडलेले, सगळे. एका कॉलेजची गुणवत्ता यादी घ्यायची, दुसरीकडं अख्ख्या गावाची मतदार यादी घ्यायची आणि म्हणायचं, बघा, कॉलेजची वृत्ती चांगली! याला अभ्यास म्हणत नाहीत.

चाळण बदलली की 'वृत्ती'ही बदलते, हे आफ्रिकेतल्याच लोकांनी दाखवलंय. १९९१ मध्ये सोमालियात सरकार कोसळलं, यादवी सुरू झाली. निर्वासित केनियातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले आणि तिथून अमेरिकेत मिनेसोटात आले. अनेकांची शाळा अर्धवट सुटलेली. त्यांच्या वाट्याला मांस कारखान्यातली, गोदामातली कामं आली. त्यांच्यात गरिबीचं प्रमाण नायजेरियनांच्या कितीतरी पट. खंड तोच, रंग तोच. मग ती सुप्रसिद्ध आफ्रिकन जिद्द कुठं गेली? जिद्द होतीच. त्याच समाजातून आलेल्या इल्हान ओमर २०१८ मध्ये अमेरिकन संसदेवर निवडून गेल्या. फरक जिद्दीत नाही. कोण कुठल्या दारातून आत आलं, यात आहे.

ते यशही गोड नाही

आफ्रिकन स्थलांतरित सरासरीपेक्षा जास्त शिकलेले, तरी त्यांच्या घरातलं मधलं उत्पन्न अमेरिकेत जन्मलेल्यांच्या घरापेक्षा कमी. तिकडची पदवी इकडं चालत नाही. गावाकडं इंजिनिअर असलेला माणूस टॅक्सी चालवतो, नर्स असलेली बाई वृद्धाश्रमात मदतनीस होते. सर्टिफिकेट ट्रंकेत, घड्याळ मालकाच्या हातात.

आणि रस्त्यावर पोलीस डिग्री विचारत नाही. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमादू दियालो या गिनी देशातून आलेल्या २३ वर्षांच्या फेरीवाल्यावर त्याच्याच घराच्या दारात पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्याच्याकडं शस्त्र नव्हतं. पुढच्या वर्षी चारही पोलीस निर्दोष सुटले. २०२० मध्ये ट्रम्प सरकारनं नायजेरियनांचे कायम वास्तव्याचे व्हिसे थांबवले. पुढचं सरकार आल्यावर ती बंदी उठली. ज्यांना 'आदर्श' म्हणून मिरवलं, त्यांचं कुटुंब एका सहीनं तुटू शकतं. हे यश उसन्या जागेवरचं आहे. मूळ लोकांना हिणवायला ते वापरणाऱ्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही.

हवाईयनांचं काय गेलं?

आता दुसरी बाजू. हवाई हे एकेकाळी राज्य होतं. राजा होता, राज्यघटना होती, परदेशांशी तह होते. एकोणिसाव्या शतकात तिथले लोक आपल्या भाषेत लिहायला-वाचायला इतक्या झपाट्यानं शिकले की हवाईयन भाषेत शंभरच्या आसपास वर्तमानपत्रं निघाली. मागास, आळशी वगैरे म्हणणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांखालून घालावं.

मग काय झालं? १७७८ मध्ये कॅप्टन कुक आला, त्याच्यामागून रोग आले. लाखोंची वस्ती शतकभरात सुमारे ४० हजारांवर आली. १८४८ ला जमिनीची वाटणी झाली, त्यात सामान्य रयतेच्या हाती एक टक्काही जमीन आली नाही. १८५० ला परदेशी माणसाला जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली. ऊसमळ्यांचे मालक मोठे झाले. १७ जानेवारी १८९३ ला त्याच गटानं राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं आणि त्यांच्या पाठीशी 'बोस्टन' या युद्धनौकेवरून उतरलेले अमेरिकन सैनिक उभे होते. १८९६ ला कायदा आला: शाळेचं माध्यम इंग्रजी. १८९७ ला विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर २१ हजारांहून जास्त सह्या झाल्या. उरलेल्या ४० हजारांतल्या २१ हजार! तरी १८९८ ला अमेरिकेनं बेटं घेतली. तहासाठी दोन तृतीयांश मतं जमेनात, तर साध्या ठरावानं घेतली. राज्याची आणि सरकारी मिळून सुमारे १८ लाख एकर जमीन अमेरिकेकडं गेली.

१९२१ मध्ये उपकार म्हणून यातली सुमारे २ लाख एकर मूळ लोकांना घरं-शेतीसाठी राखून ठेवली. उसाखालची चांगली जमीन आधीच वगळली होती. वर अट अशी की रक्त निदान निम्मं हवाईयन असलं पाहिजे. राजपुत्र कुहिओंची मागणी बत्तिसाव्या हिश्श्याची होती. मळेवाल्यांच्या दबावाखाली ती निम्म्यावर गेली. हक्कदार जितके कमी, तितकं बरं. भाडं वर्षाला १ डॉलर, मुदत ९९ वर्षं. कागदावर झकास. आज त्या प्रतीक्षा यादीत २८ हजारांहून जास्त नावं आहेत. वाट बघता बघता माणसं मेली, यादी हललीच नाही.

आता हे बघा. १९६४ मध्ये पोहाकुलोआ इथली सुमारे २३ हजार एकर जमीन अमेरिकन लष्कराला तोफांच्या सरावासाठी ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळाली. भाडं? सगळ्या मुदतीचं मिळून १ डॉलर. ती जमीन हवाई राज्याकडून गेलेलीच. लष्कराला प्रतीक्षा यादी नव्हती. म्हणे हवाईयनांना सवलती मिळतात!

उत्पन्नाचे आकडे नाचवणाऱ्यांना अजून एक. हवाईयन कुटुंबाचं उत्पन्न कागदावर फार वाईट दिसत नाही. कारण एका घरात तीन-तीन पिढ्या राहतात आणि सगळे कमावतात. माणशी भाग घातला की खरं चित्र दिसतं. ओआहू बेटावर साध्या घराची मधली किंमत २०२१ मध्येच दहा लाख डॉलरच्या वर गेली. म्हणून २०२० च्या जनगणनेत काय निघालं? निम्म्याहून जास्त हवाईयन आता हवाईत राहतच नाहीत. लास वेगासला लोक 'नववं बेट' म्हणतात, थट्टेनं. तुरुंगांत त्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि अनेक कैद्यांना समुद्रापार अॅरिझोनातल्या खासगी तुरुंगात ठेवलं जातं. नायजेरियन माणूस स्वतःच्या मर्जीनं परदेशी गेला. हवाईयन माणूस स्वतःच्या देशात भाडं परवडेना म्हणून परदेशी झाला. दोघांच्या पगाराची स्लिप शेजारी ठेवून यातलं काय कळणार?

पण आलेला माणूस शत्रू नाही

इथं आपल्यातलेच काही जण उड्या मारतील. बघा, बाहेरचे आले की मूळ माणूस संपतो! थांबा जरा.

१९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं. त्याच वर्षी एक केनियन विद्यार्थी होनोलुलूच्या विद्यापीठात शिकायला आला. १९६१ मध्ये तिथंच त्याला मुलगा झाला, तो पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला: बराक ओबामा. राणीची गादी त्या केनियन विद्यार्थ्यानं उलथवली नव्हती. जमिनीचा कायदा त्यानं केला नव्हता. चिनी, जपानी, फिलिपिनो मजूर मळ्यांवर आणले ते मालकांनी. एकाच कामाला जातीवंशानुसार वेगळी मजुरी दिली तीही मालकांनी, का तर त्यांनी एक होऊ नये. १९४६ मध्ये सगळ्या वंशांचे मजूर एकत्र संपावर गेले तेव्हा मालकांना खरा घाम फुटला.

याचा अर्थ आलेल्याची काहीच जबाबदारी नाही असा नाही. हवाईयन नेत्या हौनानी-के ट्रास्क यांनी बजावलं होतं की स्थलांतरितांच्या यशोगाथेखाली मूळ लोकांचा प्रश्न गाडला जातो. आपण कुणाच्या भूमीवर उभे आहोत हे आलेल्यानं ओळखावं. आणि कोर्टाची नोटीस कुणाच्या नावे काढायची हे मूळ माणसानं ओळखावं. दोन्ही लागतं.

हवाईयनांनी काय केलं

ते नुसतं रडत बसले नाहीत. १९७६ पासून त्यांनी कहोओलावे बेटावर जाऊन ठाण मांडलं. नौदल तिथं बॉम्बफेकीचा सराव करायचं. १९९० ला ती थांबली. १९७८ ला हवाईयन राज्यभाषा झाली. तोवर भाषा मरायला टेकली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही नव्हती. १९८४ ला पालकांनी स्वतः बालवाड्या काढल्या, १९८७ ला सरकारी शाळांत हवाईयन माध्यम आलं. आज काही हजार मुलं त्या भाषेत शिकतात. १९९३ ला अमेरिकन संसदेनं १८९३ च्या उठावाबद्दल अधिकृत माफी मागितली. जमीन परत दिली नाही, तो भाग वेगळा.

ते काय मागत होते ते नीट बघा. 'आमच्यातल्या दहा पोरांना चांगला पगार द्या' ही मागणी नव्हती. शाळा, जमीन, भाषा, निर्णयाचा अधिकार. एकट्याच्या प्रगतीनं न मिळणाऱ्या गोष्टी.

आपल्याला हे कशाला?

बेळगाव म्हणजे हवाई नव्हे. इथं कुठली युद्धनौका आली नाही, आपण मतदान करणारे नागरिक आहोत आणि शेजारचा कानडी माणूसही इथलाच आहे. तुलना ताणायची नाही. पण युक्तिवाद मात्र तोच आपल्या कानावर येतो. 'अरे, पुण्याला जा, बेंगळुरूला जा, पॅकेज घे. अमक्याचा मुलगा बघ कुठं पोचला. भाषा-बिषा काय धरून बसलायस?'

तो अमक्याचा मुलगा पण गाळूनच गेलाय. त्याचं कौतुक आहेच. पण गावात राहिलेल्या आजीला उतारा कळत नाही, पंचायतीची नोटीस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, मराठी शाळेचा पट दरवर्षी घसरतो, त्याचं उत्तर त्याच्या पॅकेजमध्ये नाही. राज्यघटनेच्या कलम ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितलीय. ती कुणाच्या पगारावर अवलंबून नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून लोंबकळतोय. निकाल लागेल तेव्हा लागेल. शाळा आणि कागद आजचे आहेत.

आणि हो, गावात स्लॅब टाकायला आलेल्या बिहारी पोरानं आपली शाळा बंद केलेली नाही. उद्या आपणही कुठंतरी त्याच्यासारखेच आलेले असणार.

पुढच्या वेळी कुणी यशस्वी माणसाचा फोटो दाखवून गप्प बसवायला लागला, तर त्याला विचारा: याला गाळून कुणी घेतलं? मागं राहिलेल्यांचं काय गेलं, आणि ते कुणाच्या सहीनं गेलं? पगार कितीही वाढू दे, तेवढ्यानं तालुक्याच्या कचेरीत मराठीतला कागद मिळत नाही. तो मागायलाच लागतो, आणि सगळ्यांनी मिळून मागायला लागतो.