परपुष्ट पक्षी आणि बांधावरची झुडपे

मृगाचा पाऊस जवळ आला की दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंगच्या परिसरात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी साद ऐकू येऊ लागते. ही साद घालणारा पक्षी पावशा होय. त्याच सुमारास काळापांढरा, शेंडीधारी चातकही येतो. कोकीळ तर चैत्रापासूनच लिंबाच्या व चिंचेच्या झाडांवर गात असतो. या तिघांचा स्वर लोकांस प्रिय आहे. परंतु त्यांचे वर्तन मात्र अनेकांस रुचत नाही. हे पक्षी स्वतः घरटे बांधीत नाहीत, अंडी उबवीत नाहीत आणि पिलांना चाराही घालीत नाहीत. हा सर्व भार ते दुसऱ्यांवर टाकतात. म्हणून ‘फसव्या पक्ष्याचे अंडे काढून टाकावे’ किंवा ‘कावळ्याचे घरटेच पाडावे, म्हणजे दोघांचाही बंदोबस्त होईल’ असे सल्ले गावोगावी दिले जातात. हे सल्ले कितपत योग्य आहेत, याचा विचार शेतीच्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

हा प्रकार आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. वैदिक वाङ्मयात कोकिळास ‘अन्यवाप’ म्हटले आहे. वाप म्हणजे पेरणी. दुसऱ्याच्या ठिकाणी पेरणारा, असा त्याचा भाव. पुढील संस्कृत ग्रंथांत ‘परभृत’ म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, हे नाव रूढ झाले. शेतकऱ्यास ही उपमा सहज पटेल. बी एकाचे, शेत दुसऱ्याचे आणि पीक पहिल्याचे, असा हा व्यवहार आहे.

प्रत्येक परपुष्ट पक्ष्याचे यजमान बहुधा ठरलेले असतात. कोकिळा कावळ्याच्या व डोमकावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. गाणारा काळाभोर पक्षी हा नर असून अंडी घालणारी मादी तपकिरी व ठिपकेदार असते, हेही लक्षात ठेवावे. नर घरट्याजवळ ओरडू लागला की कावळे त्याच्या पाठी लागतात आणि तेवढ्या अवकाशात मादी आपला कार्यभाग साधते. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान, पण रंगाने बरेचसे तसेच असते. ते १३-१४ दिवसांत उबते, तर कावळ्याच्या अंड्यास १६-१७ दिवस लागतात. साहजिकच परक्या पिलास चाऱ्याचा पहिला घास मिळतो. पावशा व चातक यांचा यजमान सातभाई होय. सातभाईची अंडी निळी असतात आणि या दोघांची अंडीही तशीच निळी असतात. कारुण्य कोकिळा ही आकाराने लहान. ती वटवट्या व शिंपी या इवल्याशा पक्ष्यांच्या घरट्याचा आश्रय घेते.

यजमानाचे नुकसान किती होते, हा खरा प्रश्न आहे. ते सर्वत्र सारखे नसते. युरोपातील कोकिळेचे नुकतेच जन्मलेले, आंधळे पिलू आपल्या पाठीवरील खोलगट भागात यजमानाचे अंडे घेऊन ते घरट्याबाहेर लोटते. देवीच्या लसीमुळे विख्यात झालेले एडवर्ड जेन्नर यांनी हे १७८८ साली प्रथम सविस्तर नोंदविले. अशा घरट्यातील यजमानाची सारी वीण वाया जाते. कोकीळ आणि चातक यांच्या बाबतीत मात्र गोष्ट निराळी आहे. चातकाचे पिलू यजमानाच्या पिलांना बाहेर ढकलीत नाही. कावळ्याच्या घरट्यातही दोघांची पिले एकत्र वाढताना आढळतात. यजमानाची काही अंडी फुटतात, काही पिले चाऱ्याअभावी मागे पडतात. परंतु सर्वच नष्ट होतात असे नाही. स्पेनमध्ये तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की तेथील ठिपकेवाल्या कोकिळेचे पिलू संकटकाळी अत्यंत दुर्गंधी द्रव सोडते आणि शत्रू फार असलेल्या वर्षी त्याच्यामुळे यजमान कावळ्याचे घरटेही वाचते.

यजमानही स्वस्थ बसत नाहीत. ते परक्या पक्ष्यास हुसकावितात आणि पुष्कळ जाती परके अंडे ओळखून टाकून देतात. सातभाई तर थव्याने राहणारा पक्षी आहे. एका घरट्यातील पिलांना थव्यातील इतर पक्षीही चारा घालतात, आणि एक वीण फसली तरी तो पुन्हा घरटे बांधतो. कोकिळ व कावळे, पावशा व सातभाई हे हजारो वर्षे एकाच शिवारात नांदत आले आहेत. पाहुण्याच्या भाराने यजमानाचे कूळ बुडाले असते, तर पाहुण्याचेही बुडाले असते.

येथे एक आक्षेप संभवतो. सातभाई हा किडे टिपणारा, म्हणजे शेतकऱ्याचा मित्र. मग त्याची वीण घटविणारा पावशा हा शत्रू का मानू नये? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु पावशा व चातक हेही कीटकभक्षक आहेत. ज्या केसाळ अळ्यांना इतर बहुतेक पक्षी तोंड लावीत नाहीत, त्या हे आवडीने खातात. कोकीळ हा मुख्यतः फळे खाणारा. वड, पिंपळ, उंबर यांचे बी तो दूरवर पसरवितो. तेव्हा एकाचा जमाखर्च मांडताना दुसऱ्याची जमेची बाजू वगळणे हा योग्य हिशेब नव्हे.

परपुष्ट पक्षी घातक ठरल्याचे उदाहरण जगात नाही काय? आहे, आणि तेच सर्वांत बोधप्रद आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कर्टलँड वॉर्बलर नावाचा एक चिमुकला पक्षी आहे. जंगले तुटून शेते व कुरणे वाढली, तसा काउबर्ड हा परपुष्ट पक्षी त्याच्या प्रदेशात शिरला. १९७१ साली गाणारे नर जेमतेम २०० उरले. १९७२ पासून काउबर्ड पकडण्याची मोहीम सुरू झाली. त्यामुळे घट थांबली. परंतु पुढील पंधरा वर्षांत संख्या वाढली नाही. ती वाढली केव्हा? १९८० च्या मोठ्या वणव्यानंतर आणि नव्या लागवडीमुळे या पक्ष्यास लागणारे कोवळे पाइनवन पुरेसे उभे राहिले, तेव्हा. २०१९ साली तो संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला. पाहुण्यास हाकलल्याने यजमान तगला खरा. पण घर मिळाल्यावाचून त्याची भरभराट झाली नाही.

हाच धडा सोलापूरच्या कोरडवाहू मुलखास लागू पडतो. येथे सातभाई, वटवट्या व शिंपी यांचे घर म्हणजे बांधावरची बोर, बाभूळ व गवताची जाळी. बांध कोरून शेत दोन हात वाढविणे, झुडपे जाळणे, सरसकट विषारी औषधांची फवारणी करणे, यांमुळे पक्ष्यांचा निवारा व चारा दोन्ही एकदम जातात. परक्या अंड्यामुळे एक वीण जाते; झुडूप गेल्याने पुढच्या साऱ्या विणी जातात. त्यात केवळ यजमानच नव्हे, तर पाहुणाही नाहीसा होतो आणि तुरीवरील व हरभऱ्यावरील घाटेअळी टिपणारे कोणी उरत नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनी घरट्यातील अंड्यांची निवड करण्याच्या भरीस पडू नये. माणसाचा हात लागून घरटे विसकटले, तर आईबाप ते सोडून जाण्याचा संभव असतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात संरक्षित पक्ष्यांची अंडी नष्ट करणे व घरटी विस्कटणे यांचा समावेश शिकारीतच केलेला आहे. त्याऐवजी बांधाची एक बाजू तरी झुडपांसाठी राखावी, विणीच्या दिवसांत म्हणजे पावसाळ्यात ती तोडू नये, पिकात पक्षिथांबे उभारावेत आणि कीड नुकसानीच्या पातळीस पोहोचल्यावाचून फवारणी करू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांस शिवारात नेऊन कोणता पक्षी कोणाच्या घरट्यात वाढतो, हे दुरूनच दाखवावे. कुतूहल जागे झालेले मूल गोफण सहसा उचलीत नाही.

पावशाच्या हाकेविषयीही एक गोष्ट सांगणे इष्ट आहे. ती हाक पेरणीची आज्ञा नसून त्याच्या विणीच्या हंगामाची खूण आहे. पेरणी करावी ती जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर, साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यानंतरच. पक्ष्यास नीतीचे नियम लावून त्याला चोर ठरविणे जितके व्यर्थ, तितकेच त्याला ज्योतिषी मानणेही व्यर्थ होय. कोकीळ आळशी नाही आणि कावळा मूर्ख नाही; दोघेही निसर्गाने दिलेल्या रीतीने जगतात. त्यांच्यातील वाद मिटविण्याचे काम माणसाकडे सोपविलेले नाही. दोघांनाही जागा उरेल इतका बांध राखणे, एवढेच काम त्याचे आहे, आणि ते सर्वस्वी त्याच्या हातचे आहे.