हक्क कायद्यात, भाषा खिडकीबाहेर

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला. परंतु सरकारी सेवा त्या भाषेत मिळण्यासाठी राजभाषा कायदा व्हायला २००३ साल उजाडले. त्याच्या अंमलबजावणीबाबत सरकारने दाखविलेल्या अनास्थेचा निषेध म्हणून पहिल्याच भाषा आयुक्तांनी २०१३ च्या अखेरीस राजीनामा जाहीर केला. कायदा होता, कर्मचारी नव्हते.

२०२१ च्या दुरुस्तीने नेमके या दुखण्यावर बोट ठेवले. २०३० अखेरपर्यंत सार्वजनिक सेवेतील नव्या भरतीपैकी किमान २० टक्के उमेदवार आयरिश जाणणारे असावेत, असे उद्दिष्ट तिने ठरविले. माझ्या मते हा उपाय योग्य आहे, पण अपुरा. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आयरिश येते असे सांगितले. शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे मात्र जेमतेम ७२ हजार. त्यांच्यातील अनेकांची वस्ती असलेल्या 'गेल्टाख्त' प्रदेशातच असे कर्मचारी आधी नेमले पाहिजेत. अन्यथा टक्केवारी राजधानीत पूर्ण होईल आणि गावातील वृद्धेला इंग्रजीतच गाऱ्हाणे मांडावे लागेल.

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० नागरिकाला संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार-निवेदन देण्याचा हक्क देतो. ते वाचणारा अधिकारी खिडकीपलीकडे आहे काय, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारावा. भाषेचा सन्मान घोषणेत नव्हे, नेमणुकीत दिसतो.